विश्लेषण : पित्तनलिका जोडताना सलग टाके की सुटे टाके? सर्जनची निवड कशी ठरते?

पित्ताशयाची शस्त्रक्रिया आज बहुतेक ठिकाणी दुर्बिणीतून होते आणि अनेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी परततात. या शस्त्रक्रियेत पित्ताशय काढले जाते. पित्त वाहून नेणाऱ्या मुख्य नलिकेला हात लावायचा नसतो. मात्र कधी अडकलेला खडा काढण्यासाठी, कधी कर्करोगामुळे, कधी यकृत प्रत्यारोपणात, तर कधी चुकून कापली गेल्यामुळे ही नलिकाच शिवावी लागते. काही मिलिमीटरच्या त्या जोडावर रुग्णाची पुढची अनेक वर्षे अवलंबून असतात. जोड गळला तर पोटात पित्त साचते. आक्रसला तर कावीळ आणि थंडीतापाचे दुष्टचक्र सुरू होते. हा जोड सुट्या टाक्यांनी करावा की एकाच सलग धाग्याने, यावर शल्यचिकित्सकांमध्ये अनेक वर्षांपासून मतभेद आहेत. दोन्ही पद्धतींत नेमका फरक काय आणि रुग्णाच्या दृष्टीने त्याला किती महत्त्व आहे, याविषयी…

पित्तनलिका शिवणे एवढे अवघड का?

यकृत दिवसाकाठी साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार करते. यकृताच्या उजव्या आणि डाव्या भागातून निघणाऱ्या दोन नलिका एकत्र येतात, वाटेत पित्ताशयाची नलिका येऊन मिळते आणि पुढे मुख्य पित्तनलिका स्वादुपिंडाच्या मागून जाऊन लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात उघडते. निरोगी प्रौढ व्यक्तीत तिची रुंदी सहा मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे साध्या पेन्सिलीपेक्षा थोडी कमी असते. भिंत पातळ असते. त्यात पित्ताचा प्रवाह थांबवता येत नाही. टाके घातल्या क्षणापासून त्या जोडातून पित्त वाहू लागते.

दुसरी अडचण रक्तपुरवठ्याची. घड्याळाच्या तबकडीवर तीन आणि नऊचे आकडे जिथे असतात, नलिकेच्या त्या दोन बाजूंनी बारीक रक्तवाहिन्या उभ्या धावतात. नॉर्थओव्हर आणि टर्ब्लांच या शल्यचिकित्सकांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार नलिकेचे सुमारे ६० टक्के रक्त खालच्या बाजूने, तर ३८ टक्के वरच्या बाजूने येते. नलिका मध्येच कापली गेली की यकृताकडच्या टोकाचा खालून येणारा पुरवठा तुटतो. हे टोक वरवर चांगले दिसले, तरी त्याला पुरेसे रक्त मिळत नसेल तर टाका कितीही सुबक असो, जोड पुढे आक्रसतो. म्हणूनच अनुभवी सर्जन नलिका आजूबाजूच्या ऊतींपासून फार मोकळी करत नाहीत आणि कापलेल्या कडेतून ताजे रक्त येत आहे ना, हे आधी पाहतात.

टाके घालण्याची वेळ कधी येते?

पित्ताशयातला खडा घसरून मुख्य नलिकेत अडकला, तर आज बहुतेकदा तोंडावाटे एंडोस्कोप घालून तो काढला जातो. ते शक्य नसेल तर नलिकेला उभी चीर देऊन खडा काढतात आणि चीर शिवतात. दुसरा प्रसंग स्वादुपिंडाच्या डोक्याकडील भागातल्या कर्करोगाचा. ‘व्हिपल’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मोठ्या शस्त्रक्रियेत नलिकेचा खालचा भाग काढून टाकावा लागतो आणि वरचे टोक आतड्याला जोडले जाते. तिसरा प्रसंग यकृत प्रत्यारोपणाचा. त्यात दात्याची नलिका रुग्णाच्या नलिकेला किंवा आतड्याला जोडतात. चौथा आणि सर्वांत नकोसा प्रसंग म्हणजे पित्ताशय काढताना मुख्य नलिकेला झालेली इजा.

या चारही प्रसंगांत नलिकेची अवस्था वेगवेगळी असते. कर्करोगामुळे वाट बंद झालेली नलिका पित्त तुंबून फुगलेली असते. तिची रुंदी सामान्य नलिकेच्या दुप्पट किंवा त्याहून अधिक झालेली असू शकते. याउलट, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत चुकून कापली गेलेली नलिका मुळातच बारीक आणि नाजूक असते. सलग की सुटे, या वादाची निम्मी उकल या फरकात आहे.

सुट्या टाक्यांची पद्धत कोणती?

या पद्धतीत प्रत्येक टाका स्वतंत्र असतो. सुई दोन्ही कडांमधून काढायची, गाठ मारायची, धागा कापायचा आणि मग पुढचा टाका. पाच मिलिमीटर रुंदीच्या नलिकेचा घेर साधारण १६ मिलिमीटर भरतो. दोन टाक्यांत दोन मिलिमीटर अंतर ठेवले तर पूर्ण गोलाईत आठ टाके लागतात. शक्य तेवढ्या गाठी नलिकेच्या बाहेरच्या बाजूला राहतील, याची काळजी घेतली जाते.

फायदा असा की एक टाका सैल झाला तरी बाकीचे जागेवर राहतात. प्रत्येक टाक्यावरचा ताण वेगळा ठेवता येतो. दोन्ही तोंडांची रुंदी कमी-जास्त असेल तर टाक्यांमधले अंतर बदलून ती जुळवून घेता येते. मुख्य म्हणजे पूर्ण घेराला आवळणारा एकच धागा नसल्यामुळे जोडाचे तोंड अरुंद होण्याची भीती कमी. तोटा वेळेचा. खोल जागेत, यकृताच्या खाली, प्रत्येक गाठीसाठी धाग्याचे अनेक फेरे घ्यावे लागतात. गाठी जितक्या जास्त तितका परका धागाही शरीरात जास्त राहतो. टाके घातलेले पण गाठी न मारलेले अनेक धागे एकमेकांत गुंतू नयेत म्हणून ते क्रमाने चिमट्यांत धरून ठेवावे लागतात.

सलग टाक्यांत काय वेगळे?

शिवणकामातल्या धावदोऱ्यासारखा एकच धागा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो. गाठी फक्त सुरुवातीला आणि शेवटी. काम लवकर होते, धागा कमी लागतो, ताण सगळ्या टाक्यांमध्ये वाटला जातो आणि दोन टाक्यांच्या मधून पित्त झिरपण्याची शक्यता कमी राहते.

धोका दुहेरी आहे. धागा एका जागी तुटला किंवा भिंतीतून फाटून निघाला, तर पूर्ण ओळ सैल पडू शकते. दुसरा धोका बटव्याच्या नाडीचा. नाडी ओढली की बटव्याचे तोंड आवळते; तसाच गोल फिरवलेला सलग धागा जरा जास्त ओढला गेला की नलिकेचे तोंड लहान होते.

लहान नलिकेत हा धोका किती वाढतो, ते साध्या हिशेबातून कळते. पाच मिलिमीटरच्या नलिकेचे तोंड धाग्याने एक मिलिमीटरने आवळले, तर रुंदी २० टक्के कमी होते. पण पित्त वाहण्याची जागा ३६ टक्क्यांनी घटते. तेच एक मिलिमीटर १५ मिलिमीटरच्या फुगलेल्या नलिकेत गेले, तर जागा जेमतेम १३ टक्क्यांनी कमी होते. वर जखम भरताना होणारा व्रण जोडाला आणखी थोडा आक्रसतो. म्हणजे चूक तेवढीच, पण रुंद नलिका ती पचवते आणि बारीक नलिकेत ती अंगाशी येते. म्हणून रुंद नलिकेसाठी सलग आणि बारीक नलिकेसाठी सुटे, असा कल अनेक सर्जन ठेवतात.

दोन्हींचा मेळ घालता येतो का?

येतो, आणि अनेक ठिकाणी तोच घातला जातो. नलिका व आतडे जोडताना मागची बाजू सर्जनच्या नजरेपासून दूर असते. ती सलग धाग्याने शिवायची आणि पुढची बाजू सुट्या टाक्यांनी बंद करायची, ही मिश्र पद्धत रूढ आहे. त्यामुळे अर्धे काम लवकर होते आणि पूर्ण गोलाईत एकच धागा न राहिल्याने तोंड आवळले जाण्याची भीतीही कमी होते.

यकृताच्या अगदी जवळ, उंचावर जोड करायचा असेल तर ब्लमगार्ट आणि केली यांनी १९८४ मध्ये वर्णन केलेली पद्धत उपयोगी पडते. त्यात नलिकेच्या पुढच्या भिंतीत सुटे धागे आधी ओवून ठेवतात आणि ते वर उचलून धरतात. नलिकेचे तोंड उघडे राहते, मागची बाजू नीट दिसते. मग मागचे टाके पूर्ण करून शेवटी पुढचे धागे आतड्यातून ओवून गाठी मारल्या जातात. तोंड रुंद करण्याचाही एक उपाय आहे. नलिकेचे टोक आडवे कापण्याऐवजी तिरके कापायचे किंवा त्याला छोटी उभी चीर द्यायची. घेर वाढतो आणि टाक्यांना जागा मिळते.

धागा कोणता वापरतात?

इथे मात्र फारसा वाद उरलेला नाही. पूर्वी रेशमी धागा वापरात होता. तो शरीरात विरघळत नाही आणि पित्ताच्या सतत संपर्कात राहणाऱ्या अशा धाग्याभोवती क्षार व पित्तघटक साचून नवा खडा तयार होऊ शकतो. खडा काढायला गेलेल्या सर्जनच्याच धाग्यावर पुढचा खडा वाढावा, असे घडू नये म्हणून विरघळणारे धागे आले. पॉलिग्लॅक्टिन हा विणलेला धागा सुमारे दोन-अडीच महिन्यांत विरघळतो. पॉलिडायॉक्सॅनोन हा एकपदरी, गुळगुळीत धागा ऊतींमधून सहज सरकतो, कित्येक आठवडे ताकद टिकवतो आणि साधारण सहा-सात महिन्यांत नाहीसा होतो. सलग टाक्यांसाठी गुळगुळीत धागा सोयीचा, कारण शेवटी ओढल्यावर ताण सगळीकडे सारखा बसतो.

धाग्याची जाडी शून्यांत मोजतात. शून्ये जितकी जास्त तितका धागा बारीक. पित्तनलिकेसाठी साधारण ‘४-०’ ते ‘६-०’ या मापाचे धागे लागतात. ‘५-०’ धाग्याची जाडी मिलिमीटरचा सुमारे दहावा भाग असते. त्यामुळे डोळ्यांवर भिंगाचा चष्मा लावून हे काम केले जाते. अलीकडे काटेरी धागेही आले आहेत. त्यांच्यावरील सूक्ष्म काटे ऊतीत रुतून बसतात आणि गाठ मारावी लागत नाही. दुर्बिणीतून गाठी मारणे वेळखाऊ असल्याने तिथे त्यांचा वापर होतो. पण जास्त ओढला गेलेला काटेरी धागा मागे सोडता येत नाही, ही मर्यादा आहे.

अभ्यास काय सांगतात?

दोन्ही पद्धतींची तुलना करणाऱ्या अभ्यासांचा सूर साधारण असा : सलग टाक्यांना वेळ आणि धागा कमी लागतो, गळती आणि आक्रसणे या दोन मुख्य गुंतागुंतींत मात्र एका पद्धतीने दुसरीवर निर्णायक मात केलेली नाही. याचा अर्थ दोन्ही पद्धती प्रत्येक रुग्णात सारख्याच, असा होत नाही. यातील बरेच अभ्यास जुन्या नोंदींवर आधारित आहेत. त्या नोंदींमध्ये बारीक नलिका आली की सर्जनने आपसूकच सुटे टाके निवडलेले असतात आणि रुंद नलिकेत सलग. कठीण रुग्ण एका गटात आणि सोपे दुसऱ्या गटात गेले की तुलना लंगडी पडते.

गळती म्हणजे काय, यावरही पूर्वी एकमत नव्हते. यकृत शस्त्रक्रियेच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने २०११ मध्ये व्याख्या ठरवली : शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर पोटातील नळीतून येणाऱ्या द्रवातले बिलिरुबिन रक्तातल्या प्रमाणाच्या किमान तिप्पट असेल तर ती पित्तगळती. उपचार बदलावा लागतो का आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते का, यावरून तिच्या तीन श्रेणीही ठरल्या. त्याआधीच्या अभ्यासांतील आकडे शेजारी ठेवून तुलना करणे म्हणूनच अवघड आहे.

एका जुन्या सवयीबाबत मात्र पुरावा बराच स्पष्ट आहे. नलिका उघडून खडा काढल्यावर इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराची रबरी नळी आत ठेवण्याची पद्धत जर्मन सर्जन हान्स केर यांच्या काळापासून, म्हणजे शंभराहून अधिक वर्षे चालत आली. वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१३ मधील आढाव्यानुसार, दुर्बीण शस्त्रक्रियेत अशी नळी ठेवल्याने शस्त्रक्रियेचा वेळ आणि रुग्णालयातील मुक्काम वाढला; नळी न ठेवता चीर थेट शिवण्यापेक्षा तिचा अधिक फायदा दिसला नाही.

ब्रिटनच्या पंतप्रधानांचे उदाहरण काय सांगते?

पित्तनलिकेच्या इजेचे सर्वांत गाजलेले रुग्ण म्हणजे अँथनी ईडन. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री असताना एप्रिल १९५३ मध्ये लंडनमध्ये त्यांचे पित्ताशय काढण्यात आले. त्यात पित्तनलिकेला इजा झाली. त्याच महिन्यात दुसरी शस्त्रक्रिया झाली. जूनमध्ये अमेरिकेत बॉस्टन येथे पित्तनलिकांच्या शस्त्रक्रियेतील नामवंत सर्जन रिचर्ड कॅटेल यांनी त्यांची नलिका आतड्याला जोडली. ईडन १९५५ मध्ये पंतप्रधान झाले. पण थंडीतापाचे झटके थांबले नाहीत. सुएझचा पेच चिघळत असताना ऑक्टोबर १९५६ मध्ये त्यांना १०६ अंश फॅरनहाइट ताप चढला होता. जानेवारी १९५७ मध्ये प्रकृतीचे कारण देत त्यांनी राजीनामा दिला आणि त्याच वर्षी त्यांच्यावर बॉस्टनमध्ये पुन्हा शस्त्रक्रिया झाली. त्यांच्या आजाराचा सुएझच्या निर्णयांवर किती परिणाम झाला, यावर इतिहासकार आजही वाद घालतात. वैद्यकीय धडा मात्र वादातीत आहे : नलिकेला एकदा इजा झाली की उत्तम हातांनी केलेली दुरुस्तीही आयुष्यभर जपावी लागते.

टाक्यापेक्षा हात महत्त्वाचा?

दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया १९८५ मध्ये जर्मनीत एरिक म्यूहे यांनी केली. भारतात ती १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी केली. रुग्णांचा त्रास कमी झाला, पण मुख्य नलिकेला इजा होण्याचे प्रमाण वाढले. उघड्या शस्त्रक्रियेत ते साधारण हजारात एक-दोन होते. दुर्बीण शस्त्रक्रियेत हजारात तीन ते पाच असे सांगितले जाते. सूज असलेल्या भागात मुख्य नलिकाच पित्ताशयाची नलिका वाटणे, हे त्याचे प्रमुख कारण. ते टाळण्यासाठी अमेरिकी सर्जन स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये नियम मांडला : पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच गोष्टी, म्हणजे नलिका आणि धमनी, स्पष्ट दिसल्याशिवाय काहीही कापायचे नाही.

इजा झालीच, तर दुरुस्ती कोण करतो याला मोठे महत्त्व आहे. स्टुअर्ट आणि वे या सर्जननी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मूळ शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनने स्वतःच केलेली पहिली दुरुस्ती अवघ्या १७ टक्के रुग्णांत यशस्वी ठरली. या कामाचा विशेष अनुभव असलेल्या सर्जनच्या हातून झालेल्या दुरुस्तीला ९४ टक्के यश मिळाले. सलग आणि सुट्या टाक्यांच्या तुलनेत एवढी दरी कुठेच दिसत नाही.

हा फरक येतो कुठून? अनुभवी सर्जन टाके कोणते घालायचे याआधी जोड कुठे करायचा हे ठरवतात. इजा झालेला, रक्त न मिळणारा भाग सोडून ते वर जातात. हेप आणि कुइनो या फ्रेंच सर्जननी १९५६ मध्ये दाखवलेल्या मार्गाने डावी यकृतनलिका लांबवर उघडून दोन सेंटिमीटर किंवा त्याहून मोठे तोंड मिळवतात. स्विस सर्जन सेझार रू यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीने लहान आतड्याचा मोकळा पदर वर आणतात, म्हणजे जोडावर ताण येत नाही. नलिकेचे आतले अस्तर आणि आतड्याचे अस्तर एकमेकांना नीट भिडवतात. रक्तपुरवठा, रुंद तोंड, ताण नसणे आणि अस्तराला अस्तर हे चार नियम पाळले, तर दोन्ही प्रकारचे टाके टिकतात.

यकृत प्रत्यारोपणात काय वेगळे?

भारतात बहुतांश यकृत प्रत्यारोपणे जिवंत दात्याकडून होतात. दात्याच्या यकृताचा भागच मिळत असल्याने नलिका बारीक, अनेकदा तीन ते पाच मिलिमीटरच्या आणि कधी दोन-तीन वेगवेगळ्या असतात. त्यांना रक्त फक्त यकृताच्या धमनीकडून मिळते. त्यामुळे इथे सुटे किंवा मिश्र टाके आणि ‘६-०’ सारखा बारीक धागा यांना अनेकांची पसंती आहे. तैवानमध्ये तर हे टाके सूक्ष्मदर्शकाखाली घालण्याची पद्धत विकसित झाली. तरीही जिवंत दात्याकडील प्रत्यारोपणानंतर नलिकेशी संबंधित गुंतागुंतीचे प्रमाण वेगवेगळ्या अहवालांत १० ते ३० टक्क्यांपर्यंत आढळते. त्यातील अनेक रुग्णांत एंडोस्कोपीतून स्टेंट टाकून किंवा फुग्याने जोड रुंद करून मार्ग काढता येतो.

रुग्णांनी काय विचारावे?

‘टाके कोणते घालणार,’ हा प्रश्न रुग्णाच्या फारसा उपयोगाचा नाही. नलिका किती रुंद आहे, जोड नलिकेला होणार की आतड्याला, इथे अशा किती शस्त्रक्रिया होतात, गळती झाल्यास एंडोस्कोपी आणि रेडिओलॉजीची सोय इथेच आहे का, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे. पित्ताशय काढताना इजा झाल्याचे लक्षात आले आणि तिथे अनुभवी सर्जन नसेल, तर पोटात नळी ठेवून रुग्णाला विशेष केंद्रात पाठवणे हा जबाबदारीचा निर्णय मानला जातो.

पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर पोटदुखी कमी होण्याऐवजी वाढत गेली, पोट फुगले, ताप आला किंवा डोळे पिवळे दिसू लागले तर थांबू नये. नलिकेचा जोड आक्रसण्याची प्रक्रिया मंद असते; ती काही महिन्यांत दिसते, तशी काही वर्षांनीही. अंगाला खाज, गडद लघवी, फिकट रंगाचे शौच, थंडी वाजून येणारा ताप ही तिची लक्षणे. त्याआधीच रक्तातील अल्कलाइन फॉस्फटेस वाढू लागते, म्हणून यकृताच्या रक्तचाचण्या आणि गरजेनुसार सोनोग्राफी किंवा एमआरआय नियमित करावे लागतात. आक्रसलेल्या जोडाकडे दुर्लक्ष झाले तर यकृत कडक होत जाऊन प्रत्यारोपणाची वेळ येऊ शकते. त्यामुळे नलिकेवर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांनी त्रास नसला तरी किमान पाच वर्षे तपासणी चुकवू नये आणि शस्त्रक्रियेची कागदपत्रे कायम जपून ठेवावीत, असा सल्ला दिला जातो.